‘फ्राउन अपॉन’: आठी पडते ती कुणाच्या कपाळाला?

पेडण्याच्या एका मुलीने विचारलेला हा प्रश्न. ती माझी जुनी विद्यार्थिनी. गेल्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला लागली. तिने लिहिलं: "टीचर, आम्हांला दिलेल्या नियमांच्या पुस्तिकेत एक वाक्य आहे, ‘अ‍ॅक्सेप्टिंग गिफ्ट्स फ्रॉम गेस्ट्स इज फ्राउन्ड अपॉन.’ डिक्शनरीत फ्राउन म्हणजे कपाळाला आठ्या घालणे असं दिलंय. काल एक आजी चेक-आउट करताना मला शाल देऊन गेल्या. मी नको नको म्हणत होते, तरी काउंटरवर ठेवूनच गेल्या. आता ही शाल मी ठेवली तर चालेल का? चालणार नसेल तर सरळ ‘नॉट अलाउड’ का नाही लिहिलं? आणि आठ्या नेमक्या कोण घालणार?"

शालीचं उत्तर आधी देते, कारण तुला ते आज हवंय: परस्पर घरी नेऊ नकोस. पण मोठा गुन्हा झाला असं समजून झोपही उडवून घेऊ नकोस. असं का, ते जरा सविस्तर सांगते. कारण हे दोन शब्द कळले की नोकरीतली निम्मी इंग्रजी पत्रं कळतात, असा माझा अठ्ठावीस वर्षांच्या शिकवण्याचा अनुभव आहे.

‘फ्राउन अपॉन’ किंवा ‘फ्राउन ऑन’ म्हणजे एखादी गोष्ट चांगली न मानणं, ती कुणी केलेली न आवडणं. दोन्हींचा अर्थ एकच. ‘अपॉन’ जरा भारदस्त, लेखी; ‘ऑन’ बोलण्यातलं. इथे खरोखरची आठी पडलेली असायलाच हवी असं नाही. पुस्तिकेला कपाळ नसतं, तरी ती फ्राउन करते. मूळ चित्र चेहऱ्याचं होतं, ते झिजून आता नुसती नापसंती उरली आहे. आपण ‘नाक मुरडतात’ म्हणतो तेव्हा तरी खरं नाक कोण बघतं?

याला मराठीत काय म्हणायचं? वर्गात विचारलं की मुलं ‘नापसंत केले जाते’ असं सांगतात. ते चूक नाही, पण ते सरकारी परिपत्रकाचं मराठी झालं. घरात असं कुणी बोलत नाही. माझी आजी डिचोलीची. दिवेलागणीला कुणी हातात केरसुणी घेतली, की ती जागेवरून न हलता एवढंच म्हणायची, "तिन्हीसांजेला केर काढत नाहीत." बस्स. तिने मनाई केली नाही, शिक्षेचं नाव काढलं नाही, ‘मला आवडत नाही’ असंही म्हटलं नाही. कोण काढत नाहीत? ते वाक्यात नाहीच. तरीही केरसुणी खाली ठेवली जायची. माझ्या मते ‘इज फ्राउन्ड अपॉन’चं सगळ्यात जवळचं मराठी हे आहे: कर्ता न सांगता येणारं, रीत सांगणारं ‘करत नाहीत’. ‘पंगतीत सगळ्यांचं होण्याआधी उठत नाहीत.’ ‘कुणी बाहेर पडताना कुठे निघालात म्हणून विचारत नाहीत.’ यातलं प्रत्येक वाक्य इंग्रजीत न्यायचं झालं तर मी निःशंकपणे ‘फ्राउन्ड अपॉन’ वापरीन.

कोंकणीत तर याहून सोपं आहे आणि तुम्ही मुलं ते रोज बोलता: "तें बरें दिसना." एकदा आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचं शिक्षण १९६१ च्या आधी पोर्तुगीजमधून झालं होतं, त्यांना मी हाच वाक्प्रचार पोर्तुगीजमध्ये कसा म्हणतात ते विचारलं. ते लगेच म्हणाले, "माल व्हिश्तु." म्हणजे शब्दशः, ‘वाईट पाहिलेलं’. मला फार आनंद झाला. कोंकणी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा नापसंती ‘दिसण्या’त ठेवतात, इंग्रजी ती बघणाऱ्याच्या कपाळावर ठेवते. आपल्याकडे कृती वाईट दिसते, इंग्रजीत पाहणाऱ्याचा चेहरा बदलतो. म्हणून तुझा तिसरा प्रश्न, आठ्या कोण घालणार, हा इंग्रजीतच पडू शकतो. ‘बरें दिसना’ म्हटल्यावर ‘कुणाला?’ असं कुणी विचारत नाही.

शब्दाच्या मुळाबद्दलही दोन ओळी, कारण मला त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ब्राउ’ हा इंग्रजी शब्द आणि संस्कृत ‘भ्रू’, ज्यावरून आपली ‘भुवई’ आली, हे एकाच कुळातले. ‘फ्राउन’ मात्र त्या कुळातला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी केल्टिक भाषांतला नाकपुडीचा शब्द असावा असं मानतात; वेल्श भाषेत ‘फ्रोएन’ म्हणजे आजही नाकपुडी. म्हणजे इंग्रजांची आठीसुद्धा मुळात नाकावरूनच निघाली, आणि ‘नाक मुरडणे’ हा आपला शब्द दिसतो त्यापेक्षा कितीतरी जवळचा निघाला. अमेरिकेत अलीकडे बरेच लोक ‘फ्राउन’ म्हटल्यावर खाली झुकलेले ओठ डोळ्यांसमोर आणतात, तो रडवेल्या चेहऱ्याच्या इमोजीसारखा. ब्रिटिश वळणात मात्र कपाळच. वाक्यार्थाला त्याने काही फरक पडत नाही.

आता वापर. इथे आपली मुलं कुठे अडखळतात ते मला पाठ झालं आहे.

पहिलं म्हणजे उच्चार. पेडणे, सत्तरी, डिचोलीकडून येणारी बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली असतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात पडतात. शब्द डोळ्यांनी आधी भेटतो, कानांनी नंतर. ‘ग्रोन’, ‘ब्लोन’, ‘ओन’ हे ओळखीचे, म्हणून ‘फ्रोन’ वाचतात. तो ‘फ्राउन’ आहे. ‘टाउन’, ‘ब्राउन’, ‘क्राउन’, ‘डाउन’ यांच्या ओळीतला. दोन-चारदा मोठ्याने म्हण, बसेल तोंडात.

दुसरी चूक याहून महत्त्वाची. ‘गिफ्ट्स आर फ्राउन्ड’ एवढ्यावरच वाक्य सोडतात. ‘अपॉन’ गळतो. का गळतो, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. आपल्या मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ ही शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून असतात. ‘टेबलावर’. त्यातलं टेबल काढून नुसतं ‘-वर’ वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवणं आपल्या कानाला सोसत नाही. इंग्रजीला ते चालतं. ‘दे फ्राउन अपॉन गिफ्ट्स’ हे वाक्य उलटं केलं, ‘गिफ्ट्स’ उचलून पुढे नेलं, की मागे ‘अपॉन’ एकटा पोरका राहतो. तरी त्याला तिथे राहावंच लागतं. आपला मराठी कान त्याला नकळत काढून टाकतो. म्हणून मी मुलांना सांगते, ‘फ्राउन्ड-अपॉन’ हा एकच जोडशब्द आहे असं समजून पाठ करा. मग पुढे काहीही येवो: ‘फ्राउन्ड अपॉन बाय द मॅनेजमेंट’, ‘फ्राउन्ड अपॉन इन अवर व्हिलेज’. मध्ये काही घालायचं नाही. ‘टर्न इट ऑफ’ चालतं, ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. इथे बरोबर उलटं: ‘फ्राउन ऑन इट’ चालतं, ‘फ्राउन इट ऑन’ कधीच नाही. काटेकोर व्याकरणकार याच कारणामुळे याला फ्रेझल व्हर्ब न म्हणता प्रेपोझिशनल व्हर्ब म्हणतात. परीक्षेच्या पुस्तकांत दोन्ही एकाच टोपलीत असतात. तू नावात अडकू नकोस, शब्दांची जागा तेवढी सांभाळ.

‘अपॉन’नंतर नाम हवं, किंवा ‘इंग’ लावून नाम झालेलं क्रियापद: ‘दे फ्राउन ऑन स्मोकिंग’, ‘द कंपनी फ्राउन्स ऑन स्टाफ चॅटिंग इन द लॉबी’. ‘दे फ्राउन अपॉन टू स्मोक’ असं होत नाही. ‘टू’ आणायचाच असेल तर वाक्याची सुरुवात बदल: ‘इट इज फ्राउन्ड अपॉन टू वेअर स्विमसूट्स इन द मार्केट’. हे चालतं, आणि खरंही आहे. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी उभं राहून बघ. आणि एक: ‘माय फादर इज फ्राउनिंग अपॉन माय जॉब’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. नापसंती ही कायमची स्थिती असते, आत्ता चाललेलं काम नव्हे. म्हणून ‘फ्राउन्स ऑन’. ‘इज फ्राउनिंग’ म्हटलं की वडील समोर बसून या क्षणी आठ्या घालताहेत असं चित्र उभं राहतं.

ते चित्र उभं करायचंच असेल तर त्याला ‘फ्राउन अ‍ॅट’ आहे. मॅनेजर माझ्याकडे आठ्या घालून बघत होते: ‘ही फ्राउन्ड अ‍ॅट मी’. ‘अ‍ॅट’ बहुधा माणसाकडे, समोरासमोर, चेहऱ्याने. ‘अपॉन’ कृतीबद्दल, रीतीबद्दल, चेहरा नसला तरी. नापसंती तुझ्या शाल घेण्याबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. तू जरा घाबरलेली वाटलीस म्हणून हे मुद्दाम लिहिते.

माणसाबद्दल जे असतं ते वेगळं क्रियापद आहे, ‘लुक डाउन ऑन’, आणि या दोघांची गल्लत मला सगळ्यात जास्त खुपते. ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे कमी लेखणं, तुच्छ समजणं. एक उदाहरण देते, आपल्याच मातीतलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गोमंतकात तथाकथित कुलीन घरातल्या बाईने लोकांसमोर बसून गाणं, हे चांगलं मानत नसत. ते ‘फ्राउन्ड अपॉन’. आणि ज्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी ते गाणं पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांना समाज हलकं लेखत असे. ते ‘लुक्ड डाउन ऑन’. पहिल्यात कृतीला नाव ठेवलं, दुसऱ्यात माणसाला खाली ढकललं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर त्याच परंपरेतून आल्या. केसरबाईंचा आवाज तर १९७७ साली व्हॉयजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेला. एका वाक्यात हे दोन्ही शब्द योग्य जागी बसले तर त्या काळचा सगळा अन्याय नीट सांगता येतो. अदलाबदल झाली तर तो पुसट होतो. तुझ्या घरी रात्रपाळीला नाव ठेवत असतील, तर ‘माय फॅमिली फ्राउन्स ऑन नाइट शिफ्ट्स’ म्हण. ‘माय फॅमिली लुक्स डाउन ऑन मी’ म्हणालीस तर तू घरच्यांवर फार मोठा आरोप करशील.

आता तुझा दुसरा प्रश्न: सरळ ‘नॉट अलाउड’ का नाही?

कारण हे दोन शब्द वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत. ‘प्रोहिबिटेड’ म्हणजे मनाई, मागे कायदा किंवा दंड उभा. ‘नॉट अलाउड’ म्हणजे परवानगी नाही, मागे निदान लेखी नियम आहे. ‘फ्राउन्ड अपॉन’ म्हणजे नियम नाही, किंवा नियमावर बोट ठेवायची इच्छा नाही. पण केलंस तर तुझ्याबद्दलचं मत बिघडेल. जिथे कायदा आहे तिथे हा शब्द वापरला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. एका छोट्या हॉटेलचं माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात होतं, ‘स्मोकिंग इन द लॉबी इज फ्राउन्ड अपॉन’. मी ते खोडलं. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते, पण लॉबी काही ती जागा नव्हे. त्याच पत्रकात समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याबद्दलही तोच शब्द होता. २००१ च्या आपल्या गोव्याच्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन त्यासाठी दंडाची तरतूद झाली आहे. पाहुणा ‘फ्राउन्ड अपॉन’ वाचेल, हसेल, बाटली घेऊन वाळूत बसेल, आणि दंड भरताना म्हणेल, तुम्ही तर एवढंच लिहिलं होतं. दोन्ही ठिकाणी मी ‘प्रोहिबिटेड बाय लॉ’ घातलं.

उलट चूक मी स्वतः केली आहे, आणि ती मला अजून बोचते. वीसेक वर्षांपूर्वी एका शाळेने पालकांसाठीची इंग्रजी सूचनापत्रिका माझ्याकडून मराठीत करून घेतली. मधल्या सुट्टीत पालकांनी डबा घेऊन फाटकाशी येणं ‘इज फ्राउन्ड अपॉन’, असं त्यात होतं. मी घाईत लिहिलं, ‘सक्त मनाई आहे’. पत्रिका फाटकावर चिकटवली गेली. पुढे कधीतरी दुपारी मी तिथे गेले, तर एक आजी फाटकाबाहेर उभ्या. पितळेचा डबा पदराने धरलेला, कारण गरम होता. वॉचमन कागदावर बोट ठेवून सांगत होता, "मनाई म्हणून लिहिलंय, आजी." तो चुकला नव्हता. जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता. मूळ इंग्रजीत आजींना थोडी जागा होती: मुख्याध्यापिकांना आवडलं नसतं, पण त्यांनी डबा आत घेतला असता. ती जागा माझ्या एका शब्दाने बंद केली. मी आत जाऊन सांगितलं, दुसऱ्या दिवशी तो कागद बदलला: ‘मधल्या सुट्टीत डबा घेऊन येणे शक्यतो टाळावे.’ तेव्हापासून लेखी मराठीत ‘फ्राउन्ड अपॉन’साठी मी ‘शक्यतो टाळावे’, ‘प्रशस्त मानत नाहीत’, ‘इष्ट समजले जात नाही’ यांतूनच निवडते. बोलताना ‘बरं दिसत नाही’. ‘मनाई’ हा शब्द मूळ मजकुरात मनाई असेल तेव्हाच.

आता तुझी पुस्तिका. गावाची रीत आणि मालकाची पुस्तिका यांत एक फरक आहे, तो डिक्शनरीत सापडत नाही. गावात ‘फ्राउन्ड अपॉन’ म्हणजे शेजारणी चार दिवस बोलतील. नोकरीच्या कागदात आठ्या घालणारा तोच असतो जो तुझी बढती लिहितो. कर्ता मुद्दाम झाकलेला आहे, पण तो आहे: मॅनेजमेंट. मग ते ‘नॉट अलाउड’ का लिहीत नाहीत? कारण पाहुण्याने दिलेलं चॉकलेट परत करायला लावणं त्यांनाही नको असतं. आणि उद्या कुणी महागडं घड्याळ घेतलं तर बोलायला जागाही हवी असते. इंग्रजीची ही जुनी सवय आहे, कडक गोष्ट मऊ शब्दांत सांगायची. मराठी माणूस तो मऊपणा खरा धरतो. म्हणून नोकरीच्या कागदात हा शब्द दिसला की मनात ‘करू नये’ असं वाच, आणि अडलंच तर विचारून कर.

आणि विचारताना हाच शब्द वापर, म्हणजे तुला तो कळला आहे हे समोरच्यालाही कळेल. शाल पिशवीत घालून फ्रंट ऑफिसमध्येच ठेव, आजींच्या खोलीचा नंबर आणि तारीख चिठ्ठीवर लिही, आणि मॅनेजरला आजच एवढं लिहून पाठव: ‘अ गेस्ट लेफ्ट अ शॉल फॉर मी अ‍ॅट चेक-आउट. आय नो अ‍ॅक्सेप्टिंग गिफ्ट्स इज फ्राउन्ड अपॉन. प्लीज लेट मी नो व्हॉट आय शुड डू विथ इट.’ ‘अपॉन’ विसरू नकोस. आणि ते काय म्हणाले ते मला कळव.